बायजाक्कानं लिंपलेला झरोका

मंडळी, ऐका! एकच सवाल घेऊन उभा आहे. राजानं चोर शोधावा — शोधावाच! पण त्यासाठी त्यानं तुमच्या-आमच्या माजघराला डोळा लावावा का? माना डोलवू नका उगीच, आधी गोष्ट ऐका!

चंदनपुरात चोऱ्या वाढल्या. कोतवाल होता रणधीरराव — मिशा एवढ्या, अन् तपास एवढासा! तो राजाला म्हणाला, "महाराज, घरोघरी भिंतीला एकेक झरोका पाडू. माझे शिपाई बाहेरून बघतील. जो चोर नाही, त्याला भीती कशाची?"

"पाडा!" राजा म्हणाला. आणि लोक? लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! "आपण कुठं चोर आहोत?" — अहो मृदंगबुवा, तुम्ही कशाला वाजवताय? थांबा!

त्या गावात बायजाक्का कुंभारीण. तिच्या लेकीची, शेवंताची पाठ सासरच्यांनी जळत्या लाकडानं भाजलेली. पोर पळून आईकडे लपली होती. शिपायानं झरोक्यातून बघितलं आणि सासऱ्याला जाऊन सांगितलं. कशासाठी? एका नव्या पागोट्यासाठी! सासरची माणसं आली, शेवंताला केसाला धरून ओढत घेऊन गेली. आणि चोर? तो मोकळाच!

बायजाक्कानं चाकावरची माती उचलली आणि झरोका लिंपून टाकला. झालं! कोतवालानं तिलाच धरलं. "सरकारी झरोका बुजवते! काहीतरी लपवत असणार!"

न्यायसभेत न्यायाधीश भास्करशास्त्र्यांनी विचारलं, "बाई, काही लपवत होतीस?"

"व्हय शास्त्रीबुवा! लेक लपवत होते. मारणाऱ्यांपासनं लपवत होते, तरी ह्या झरोक्यापायी नेली तिला. आईनं दुसरं काय करावं?"

शास्त्री कोतवालाकडे वळले. "हिच्या घरावर संशय कशाचा होता?"

"संशय सगळ्याच घरांवर आहे, शास्त्रीबुवा."

"सगळ्यांवर संशय म्हणजे तपास नव्हे, आळस आहे! आणि तुमच्या शिपायावर नजर कोणाची होती?"

कोतवाल राजाकडे बघतो, राजा छताकडे बघतो! शेवटी राजा चिडला — "हुकूम माझा होता!"

"म्हणूनच विचारतोय, महाराज. कायदा तुमच्या हुकुमालाही आहे. नाहीतर चोरात आणि राजात फरक तो काय? दोघंही न विचारता घरात शिरणार!"

वा! याला म्हणतात कणा! शास्त्र्यांनी निकाल दिला — शेवंताला आत्ताच्या आत्ता आईकडे पोचवा. संशय असेल तर नेमका कोणत्या घरावर ते सांगा, कारण न्यायसभेपुढे मांडा, मुदत घ्या, मगच झरोका पाडा. आणि आजवर पाडलेले सगळे झरोके कोतवालानं स्वतःच्या हातानं लिंपावेत!

गल्लोगल्ली चिखलाची पाटी घेऊन फिरले हो रणधीरराव! मिशांना माती!

हसलात? आता हसू नका. शेवंता परत आली, पण रोज दिवेलागणीआधी ती भिंतीवरच्या त्या लिंपलेल्या जागेवर हात फिरवायची — कोणी उकरलं तर नाही ना? भिंत वाळली, मंडळी. पोरीची भीती गेली नाही.

आणि आता माझा राग तुमच्यावर! बायजाक्काला धरून नेलं तेव्हा गाव कुठं होतं? दारात उभं राहून बघत होतं! उद्या तुमच्या फोनात कोणी डोळा लावेल, तेव्हा विचाराल का — संशय कशाचा? परवानगी कोणाची? की म्हणाल, "आपण कुठं चोर आहोत?"

शेजारणीच्या भिंतीला झरोका पडताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी देवापुढे टाळ्या वाजवू नयेत. आधी पाटीभर चिखल घेऊन तिच्या दारी जा. तोवर टाळ खाली ठेवा!