अंगठा कुठे होता?

फ्रान्समधल्या कँपेरच्या इस्पितळात एनोरा मुरगळलेला पाय घेऊन बसली होती. कान मात्र ठणठणीत होते. समोरच्या बाकावर म्हातारा आर्मेल मेकॅनिक सुजलेलं मनगट सांभाळत होता, शेजारी त्याची बायको सोआझिक.

"इंजिनानं उलटा झटका दिला."

"आपल्या जुन्या रेनो गाडीच्या? ते एवढंसं इंजिन?"

"एवढंसं? हँडल फिरवून चालू करून बघ, मग बोल! लाथ घातली गाढवानं."

"जन्मभर तुला नाही घातली ती."

"म्हातारं झालंय ते."

"हँडल कसं धरलं होतंस? दुसऱ्या हातानं दाखव."

"हे असं. घट्ट."

"अंगठा?"

"मुठीत. सगळे तसंच धरतात."

"आर्मेल, अंगठा वेढायचा नसतो. बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे झटका आला तरी हात सुटतो. तूच शिकवलंस मला. गॅरेजच्या भिंतीवर रंगानं लिहिलंयस."

"मी? काहीतरीच. दुसऱ्या कुणी लिहिलं असेल."

सोआझिकनं त्याचा चांगला हात हातात घेतला. एनोरानं मोबाईल उलटा ठेवला.

"आत काय सांगायचं गं? हसतील मला."

"हाताचं तू सांग. बाकीचं मी सांगते."

"बाकीचं काय?"

"ऊठ. आपलं नाव पुकारलं."