डेलमरचं पत्र

ते भिंतीवरचं सर्टिफिकेट? खरंच आहे हो, शिक्का बघा की — मान खाली, साहेब, हं, अशी — मी काय जन्माचा न्हावी थोडाच आहे! सरकारने केलं मला न्हावी, बावन्नाव्या वर्षी. त्याआधी सव्वीस वर्षं नदीकाठच्या फर्निचरच्या कारखान्यात. आमच्या कपाटांना अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात नाव होतं. मग मालकांनी काम चीनला नेलं, मशिनंही उचलून नेली, आणि आमच्या हातात नारळ दिला. सरकारने मात्र वाऱ्यावर सोडलं नाही, खोटं कशाला बोलू — काम परदेशी गेलंय ना, मग नवीन काहीतरी शिका, फी आम्ही भरतो, शिकेपर्यंत दर आठवड्याला भत्ताही देतो. कोणी नर्सिंगला गेलं, कोणी ट्रक चालवायला शिकलं, मी कात्री धरली. बायको हसून हसून लोळली — हॉलिस, तुला स्वतःचा भांग धड पाडता येत नाही!

सगळ्यांचं भलं झालं? नाही. डेलमर प्रूइटचं नाही झालं.

डेलमर म्हणजे माझ्या शेजारच्या मशिनवरचा. लाकडावरून नुसता अंगठा फिरवून सांगायचा, इथे केसभर जास्त आहे — आणि असायचं! पण त्याला वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. त्याच्या बायकोला माहीत होतं आणि मला. रोज सकाळी कामाची चिठ्ठी यायची, ती मी मोठ्याने वाचायचो, वेड्यासारखा — आज ओकचं लाकूड, अठरा इंच! — लोक म्हणायचे, हॉलिसला बडबडायची सवय आहे. बावीस वर्षं बडबडलो. कुणाला पत्ता लागला नाही. नंतर त्याची बायको गेली, आणि घरची पत्रंही माझ्याकडे यायला लागली.

तसंच ते पत्र. रविवारी दुपारी आला, ओसरीत उभा राहिला — बघ रे हॉलिस, सरकारचं दिसतंय. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा. डोकं पुस्तकात. मी वरवर पाहिलं आणि म्हटलं, काही नाही रे, नुसती माहिती आहे, टाकून दे.

वरवर — नाही. मी वाचलं होतं ते. अख्खं वाचलं होतं. चौदा मार्चच्या आत नाव नोंदवा, नाहीतर भत्ताही गेला आणि शिक्षणही. आणि खाली लिहिलं होतं, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी आधी वेगळा वर्ग आहे, भत्त्यासकट. म्हणजे त्याच्यासाठीच लिहिलं होतं हो ते! पण मला दिसलं काय? मलाच त्याला गाडीतून न्यायचं, मलाच अर्ज भरायचे, रोज. बावीस वर्षं ओढलं, एक आठवडा तरी मला माझा राहू दे. परीक्षा होऊ दे, मग सांगतो. अकरा दिवस होते हातात. मी पास झालो, जेवणं झाली, गाणी झाली. आठवलं तेव्हा सतरा तारीख होती.

ऑफिसात जाऊन हातापाया पडलो. बाई म्हणाल्या, तारीख म्हणजे तारीख. डेलमरला मी काय सांगितलं? तुला काही देत नाहीत म्हणे, सरकार असंच असतं रे. त्याने मान हलवली आणि कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागला. दिवसभर बर्फात हात. आता त्या अंगठ्याला कपातला चहा गरम आहे की गार तेही कळत नाही.

हलू नका, कानाजवळ आहे.

मग चर्चच्या तळघरात टॉलबर्टबाई म्हाताऱ्यांना वाचायला शिकवायला लागल्या. डेलमर दोन वर्षं गेला तिथे. मला कळू दिलं नाही. या वसंतात आला, याच खुर्चीत बसला, पाकिटातून पत्र काढलं — टाकलं नव्हतं त्याने. त्याच्या नावाचं होतं ना. आणि शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचायला लागला. दोन गिऱ्हाइकं बसलेली. मी कापत राहिलो, दुसरं काय करणार? पाव तास लागला त्याला. संपल्यावर घडी घातली आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “हॉलिस, त्या दिवशी तुझा चष्मा नव्हता बहुतेक.”

मी म्हटलं, “हो रे. नव्हता.”

चष्मा! साहेब, मी जन्मात कधी चष्मा लावला नाही. त्याला ठाऊक नव्हतं होय? त्याने माफीचा हात पुढे केला होता, आणि मी — मी तोही खोटेपणानेच धरला.

डेलमर? नाही, आता येत नाही. केस कॉलरच्या खाली आलेत. गावात न्हावी मी एकटा, लोक विचारतात, काय रे डेलमर, हे काय? म्हणतो, वाढवलेत, आवडायला लागलेत मला. एवढंच. माझं नाव काढत नाही कुणापाशी.

काय म्हणालात? त्याच्या घरी? तीनदा गेलो होतो. दर वेळी रस्त्यावरूनच परत — ओसरीत बसून पेपर वाचत असायचा, मोठ्याने, एकटाच.

झालं तुमचं. मागचं बघून घ्या आरशात. नीट आहे ना? मग उठा. पुढचा!

कोणी नाही? असू दे. तरी उठा तुम्ही.