सुरैयाची चौथी सुई

न्हाई, मला एक सांगा तुमी, एकदा झालं म्हंजे झालं ना? का पुन्ना पुन्ना टोचायचं? माझी नात सुरैया, दीड वर्साचं पोर, तिला आधीच तीन सुया झालेल्या. अन् पौडाच्या बाजारात मी बांगड्या भरतोय, गिऱ्हाइकाचा हात माझ्या हातात, तर आमची नर्सबाई चंद्रकला तितंच येऊन उभी. "बाबालालचाचा, सुरैयाचा डांग्या खोकल्याचा बूस्टर राहिलाय." म्हनलं, ते काय आनि? तर म्हनं चौथी सुई. म्हनलं बाई, एकदा झालं म्हंजे झालं ना, हितं तर तीनदा झालंय...

तर बाई म्हनती, "चाचा, पहिल्या सुईला अंगाला कळतच नाही कोण आलंय. ओळखायला वेळ लागतो, रोगाशी लढणारी फौज थोडीच तयार होते, तीही लवकर ओसरते. दुसरी-तिसरी दिली की वाढते, मग हळूहळू परत कमी. पण अंगाला ओळख राहते. बूस्टर दिला की फौज भराभर उभी राहते, अन् पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त!"

तुमाला सांगतो, तवा माझ्या हातात भरे गावच्या एका नव्या नवरीचा हात. पहिल्यांदाच काचेच्या भरायला बसलेली, हात नुस्ता लाकूड, अंगठा आत घेईना, चढवल्या त्यातल्या निम्म्या पिचल्या. हीच पोरगी पुढच्या वर्साला येनार, मी पंजा दाबायचा अवकाश, सरासरा भरून घेनार. अन् काचंचं काय, भांडी घासताना पिचतात, कमी हुतात, बाया पुन्ना येतात. मी कधी त्यांना म्हनलो का, एकदा झालं म्हंजे झालं? म्हनलो तर खाऊ काय?

पटलं मला. पण घरात कमरबी हाय ना, आमची मालकीण! ती म्हनं, पहिल्या सुईला पोरीला ताप भरला ते खरं औषध, तिसरीला कुटं भरला, बाईनं नुस्तं पानी टोचलं. पन तिकडं भऱ्यात माझ्या दोस्ताच्या, कुशाबाच्या नातवाला डांग्या खोकला झालेला, मी डोळ्यानं बघितलेला. खोकून खोकून पोर निळं पडायचं, श्वास घ्यायची सवड न्हाई. खरं सांगतो, मी लई भ्यालो हुतो. म्हनून नवरीच्या हाताची समदी कथा कमरबीला ऐकवली. ती ऐकून म्हनती, "मग तुमीच धरा पोरीला. लई सांगता ना, 'माझ्या हातात हात दिल्यावर कुनी रडत न्हाई' म्हनून."

सापडलो की हो!

गेलो दवाखान्यात. आता दर बाजारी मी सुरैयाच्या हातात एक बारकी बांगडी सरकवायचो. तर मी दंड धरल्यावर पोरीनं काय करावं? बायांसारखी बोटं जुळवली अन् हात पुढं केला, हसत! बाईनं टोचलं. सुरैयाला आधी कळलंच न्हाई, बांगडी कुटं हाय म्हनून माझ्या हाताकडं बघती. मग ओठ काढला. अन् मग जे भोकाड पसरलं, पार यष्टी स्टँडावर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी पोर हुंदडाय लागली. म्हनलं सुटलो, एकदा झालं म्हंजे झालं. चांगली हिरवी बांगडी घेतली, घरात पाय टाकला, तर माझं तोंड बघूनच किंचाळली अन् दोनी हात पाठीमागं! नर्सबाईकडं गाऱ्हानं नेलं तर ती पदर तोंडाला लावून हसती. म्हनं, "चाचा, पहिल्यांदा उशिरा रडली, आता लांबूनच ओळखते. बूस्टर लागला तुमचा."

असू द्या. खोकला आला तर पोरीचं अंग त्यालाबी असंच दारातनं पिटाळंल, ह्यात मला लई सुख हाय. पन बघा, अख्ख्या मुळशीच्या बाया माझ्यापुढं हात करतात, अन् घरातला येवढासा हात तेवढा पाठीमागं. आता बांगडी मी आनायची, घालायची कमरबीनं, अन् मी दाराआडून बघायचं. काय करता... एकदा झालं म्हंजे झालं.