बोटभर उघडी काच

सून : …तर तो सर्व्हिस सेंटरवाला काल मला तोंडावर म्हणाला, "मॅडम, हा गंज वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, अहो, गाडी अजून नव्यात जमा आहे. मागच्या सीटपाशी गालिचा उचलला, तर खालचा पत्रा बिस्किटासारखा तुटून हातात येतोय.

सासरे : मग?

सून : मग काय. पत्रा खालून गंजला असता तर आमची चूक, म्हणाला. हा आतून गंजलाय, तुमच्या घरातच कुणीतरी गाडीत पाणी ओततं. मी त्याला खोटारडा म्हणून आले.

सासरे : एकदम खोटारडा?

सून : त्या सीटवर माझं लेकरू बसतं, बाबा. मी उद्या त्याच्या साहेबाला गाठणार आहे. तुम्ही चला बरोबर. मी कामाला गेले की गाडी दिवसभर तुमच्या डोळ्यांसमोर असते. आत थेंबसुद्धा गेला नाही, एवढंच सांगा.

सासरे : मी चहा टाकू का?

सून : आत्ताच तर प्यायलो. बाबा, माझ्याकडे बघा.

सासरे : झोपतच नव्हती गं ती.

सून : कोण?

सासरे : तुझी ठमाबाई. तू पुन्हा कामावर जायला लागलीस, तेव्हाची गोष्ट. दुपारभर दाराकडे बघून रडायची. खांद्यावर घेतली, गाणी म्हटली. माझ्या गाण्यानं तर आणखीच भोकाड पसरायची. एकदा विरंगुळा म्हणून तिला घेऊन गाडीत बसलो आणि सर आली. टपावर ताडताड आवाज सुरू झाला न झाला, बाईसाहेब गाढ.

सून : पण पाऊस काय रोज येतो?

सासरे : झाडांना पाणी घालायचा फवारा आहे ना आपला. तो घराच्या खिडकीच्या गजाला बांधला, गाडीच्या टपाकडे तोंड करून.

सून : आणि तुम्ही आत.

सासरे : आत. ती मांडीवर.

सून : रोज?

सासरे : सुट्टी सोडून. सुट्टीला तू असतेस.

सून : अहो, पण निदान काच तरी लावून घ्यायची.

सासरे : कशी लावणार? तूच दम भरला होतास, बंद गाडीत लेकराला क्षणभर ठेवायचं नाही, काच बोटभर तरी उघडी हवी. माझी बोटं जाड, म्हणून मी करंगळी धरली.

सून : म्हणजे पाणी तुमच्या अंगावर येत होतं.

सासरे : डाव्या खांद्यावर फक्त. ती उजवीकडे असायची, कोरडीठाक.

सून : आणि मी तुमच्या खोकल्यासाठी डॉक्टर बदलत बसले. मला सांगितलं का नाहीत?

सासरे : तू कामावरून फोन करायचीस, "झोपली का?" मी झोपली म्हटलं की तुझा अडकलेला श्वास सुटलेला मला इकडे ऐकू यायचा. रडतेय म्हटलं असतं, तर तू नोकरी टाकून घरी आली असतीस.

सून : आले असते.

सासरे : उद्या मी येतो. त्या माणसाला सांगतो, खरं तूच बोलत होतास बाबा.

सून : नको. खोटारडा मी म्हणाले, माफी मीच मागेन. गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडून घेऊ.

(आतल्या खोलीतून मुलीच्या रडण्याचा आवाज.)

सासरे : जा, घे तिला. आज सुट्टी, आज तुझी पाळी.

सून : सुट्टीच्या दुपारी ती माझ्याजवळ कधीच धड झोपत नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

सासरे : वेडी आहेस. तुझं काही चुकत नाही, टप नाही तुझ्याकडे.

सून : चला मग.

सासरे : कुठे?

सून : गाडीत. पत्रा बदलायचाच आहे, आज आणखी काय गंजणार? मांडी तुमची सवयीची आहे तिला, तुम्ही आत बसा. फवारा मी धरते. आणि बाबा, काच मात्र बोटभर उघडी ठेवा.