साळूचा होकार

...आन मलाच भाईर काढलं, राव! माज्याच घरातनं! डिंगोऱ्यात साठ वर्सं माज्या उंबऱ्याच्या आत दुसऱ्याचा शब्द चालला न्हाई, आन ही अपंगांच्या संस्थेची पोरगी, यशोधरा, मला म्हनती, "बाबा, तुमी जरा वट्यावर बसा. मला साळुबाईंशी एकटीशी बोलायचंय."

तुमाला सांगतो, साळू माजी धाकटी भन. चाळिशीची. जल्मापासनं जीभ जड. ती बोलली की लोक माज्या तोंडाकडं बगत्यात, कारन तिचं बोलनं अख्ख्या गावात मला एकट्याला कळतं! डाक्टर असो, तलाठी असो, ती बोलनार, म्या सांगनार. तिच्याच भल्यासाठी ना!

तर जुन्नरला अपंगाच्या दाखल्याच्या कॅम्पात आणे गावच्या सावळेरामानं तिला बगितलं. एक पाय पोलिओचा, शिलाईचं दुकान. मागनी घालायला आला, संगं ही यशोधरा. तिनं ईचारलं, "साळुबाई, तुमचं काय म्हननं?" साळू बोलली. बोलली म्हंजी काय, लाल व्हऊन, हातवारे करून, च्या गार व्हईस्तवर बोलली!

म्या सांगितलं, "न्हाई म्हनती."

"बाबा, त्या एवढं बोलल्या, आन त्याचे दोनच शब्द?"

"थोडक्यात सांगितलं, बाई! तिच्याच भल्यासाठी!"

झालं... वट्यावर! शेजारी सावळेराम. "दादा, तंबाखू?" "नको!" आन आतनं साळूचं हसू. एवढं मोकळं हसू म्या कवा ऐकलंच न्हवतं, राव...

तासाभरानं यशोधरा भाईर आली. "समदं न्हाई कळलं, तीन-तीनदा ईचारलं. पन हो म्हनत्यात."

आता खरं सांगू? मला पैल्या शब्दालाच कळलं व्हतं. पन बायको गेली तवापासनं भाकरी साळूच थापती. ती गेल्यावर माजं कोन? म्हनून गिळला तिचा हो. आन ह्यो काय पैला न्हाई. ल्हानपनी साळंत जाती म्हनली व्हती, तवाबी मास्तरला म्याच सांगितलं, "न्हाई म्हनती." तिच्याच भल्या... जाऊ द्या. कुनाचं भलं, ते तुमाला कळलंच.

लगीन झालं. साळू आण्याला गेली. परवा यशोधरा आली, तर म्हैस मला धारंला बसू देईना, लाथा झाडतीया!

"काय म्हननं हाय हो तिचं, बाबा?"

म्हनलं, "तिलाच ईचार, बाई. म्या आता कुनाच्या वतीनं बोलत न्हाई."