डोंगरावरचं घर

कॅरिबियनचं विचारताय, तर ऐका. आमच्या नीलेशला तिथे समुद्रात डायव्हिंग करायचं होतं. बोट कुठून सुटते हे ठरलेलं, राहायचं कुठे यावर इकडे आमच्या फ्लॅट बुश उपनगरातल्या घरात महिनाभर वाद.

सूनबाई म्हणाली, "धक्क्यावरचं हॉटेल घे."

नीलेश म्हणाला, "तिथे किचन नाही. बाबांना वरणभात लागतो."

शेवटी डोंगरावर किचनवालं घर घेतलं. खाली जायला व्हॅन, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. दोन दिवस बोट चुकली. आता एकच दिवस उरला होता. नीलेश पिशवी खांद्यावर घेऊन परत आला, तेव्हा मी घरमालकिणीच्या ओट्यावर राजमा घातलेला भात आणि तळलेली केळी खात होतो.

"बाबा, तुम्ही हे खाता?"

"आल्यापासून रोज दुपारी."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंत कधी?"

त्याच संध्याकाळी आम्ही धक्क्यावर राहायला गेलो. सकाळी नीलेशला बोट मिळाली.

यंदा परत जायचं निघालं. सूनबाईने आधी मला विचारलं, "बाबा, राहायचं कुठे?"

म्हटलं, "मी इथेच, घरी. तुम्ही जा."