बाथरूमवरची बांधी

छत गळलं की मिस्त्रीला शिव्या देण्याआधी वर चढून पाहत जा गं. मी नाही पाहिलं.

कुडवा गावातल्या आमच्या घरात बाथरूमच्या छताचे पोपडे माझ्या डोक्यावर पडायचे. पावसाळ्याच्या तोंडावर मिस्त्री बोलावला. त्यानं स्लॅबवर केमिकल मारलं, कडेनं सिमेंटची पाळ बांधली, पाणी भरलं आणि मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "दोन दिवस गळते का पाहा, मग पाळ फोडून टाका."

गळलं नाही. मी खालून पांढराशुभ्र रंग दिला. मामाजी तरी रोज सकाळी शिडी लावून वर जायचे. वाटलं, किती काळजी!

नवरात्रात पाहते तर छत काळं, आणि टपटप पाणी. मिस्त्रीला फोनवर असं झापलं की तो गाडी काढून आलाच. वर चढला न तिथूनच ओरडला, "भाभी, वर या!"

चढले, आणि वासलेलं तोंड मिटेचना. पाळ जशीच्या तशी, आत चिखल, न त्यात लोंब्या आलेलं धान उभं; बांध घातलेली भाताची बांधीच!

"मामाजी, हे काय?"

खालून शिडी धरून ते शांतपणे म्हणाले, "आयती बांधी होती, पानी होतं. रिकामी कायले ठेवाची?"

आता मिस्त्री सगळं उपटून फेकणार, असं मला वाटलं. त्यानं लोंबीतला एक दाणा दाताखाली दाबला न माझ्यावरच डाफरला, "दाण्यात दूध भरून राहिलं, भाभी! कापनीपर्यंत कोनी हात लावाचा नाही. तुमी खाली बालटी ठेवा."